मेंदीचा पाला ते काळी पुडी : खिजाबाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी लग्न होते. लग्नाच्या दोन दिवस आधी माझ्या फूफीने बाजारातून 'काळी मेंदी'ची पुडी आणवली आणि केसांना लावली. फूफीचे वय साठीच्या पुढे, केस दाट आणि बारीक वळणांचे कुरळे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते. कपाळावर आणि कानांच्या मागे फोड येऊन त्यांतून पाणी वाहत होते. डॉक्टरांनी विचारले, "डोक्याला काय लावलंत?" फूफी म्हणाली, "काही नाही हो, मेंदीच तर लावली. सुन्नत आहे ती."

डॉक्टरांनी पुडी मागवली. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत एक लांबलचक नाव छापले होते : पॅराफेनिलिनडायअमिन. सूज आठवड्याभरात उतरली, पण त्यानंतर कित्येक दिवस फूफीच्या फणीत केसांचे पुंजके येत राहिले. वळणाच्या जागी केस तुटत होते. मला मात्र तिचे ते एक वाक्य विसरता आले नाही. ती खोटे बोलत नव्हती. तिने मेंदीच मागितली होती, दुकानदाराने मेंदी म्हणूनच दिली होती आणि पुडीवरही मेंदीच लिहिले होते. मग मेंदी या शब्दाच्या आतला पदार्थ कधी आणि कसा बदलला? या प्रश्नाचा माग घेताना खिजाबाचा सगळा इतिहासच समोर आला.

मदिनेतील केस

केसांची निगा हा विषय आपल्याकडे बायकांच्या गप्पांचा समजला जातो. हदीसच्या ग्रंथांत मात्र त्याला स्वतंत्र प्रकरणे आहेत. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या केसांचे वर्णन करताना हजरत अनस (र.) सांगतात की ते अगदी घट्ट कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते; दोहोंच्या मधले होते. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशी शिकवण अबू दाऊदच्या संग्रहात आहे. त्याचबरोबर रोजच्या रोज केस विंचरत बसू नये, एक दिवसाआड विंचरावेत, असेही सांगितलेले आहे. या शिकवणीमागचा हेतू नटण्याच्या नादाला आवर घालण्याचा होता. परंतु ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना हा नियम दुसऱ्या अर्थानेही पटेल. कोरड्या कुरळ्या केसांवरून रोज फणी ओढली की केस तुटतात, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.

आणखी एक रिवायत मला फार महत्त्वाची वाटते. हजरत उम्मे सलमा (र.) यांनी प्रेषितांना विचारले की माझ्या वेण्या घट्ट घातलेल्या असतात, गुस्लसाठी त्या सोडल्या पाहिजेत का? उत्तर मिळाले, नाही. डोक्यावर तीन वेळा ओंजळभर पाणी घेणे पुरेसे आहे. घट्ट वेण्या सोडणे आणि पुन्हा घालणे हे किती तासांचे काम असते, याची जाणीव त्या उत्तरात आहे. बाईच्या केसांची अडचण धर्माच्या नियमात विचारात घेतली गेली, ही लहान गोष्ट नाही.

आता खिजाबाकडे वळू. हिजरी सन 8 मध्ये, म्हणजे इ.स. 630 मध्ये, मक्का जिंकल्यानंतर हजरत अबू बकर (र.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांपुढे आणण्यात आले. त्यांचे केस आणि दाढी पांढऱ्या फुलोऱ्यासारखी पांढरीशुभ्र होती. हा रंग बदला, पण काळा टाळा, असे त्या वेळी सांगितल्याची नोंद सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत अबू बकर (र.) मेंदी आणि 'कतम' यांचे मिश्रण वापरत आणि हजरत उमर (र.) नुसती मेंदी, अशीही नोंद आहे. कतम ही काळपट रंग देणारी वनस्पती. मेंदीचा तांबडा आणि कतमचा काळा मिळून गडद तपकिरी रंग येतो. पिकलेले केस बदलण्यासाठी हीच दोन उत्तम, असे हदीसमध्ये आले आहे.

खुद्द प्रेषितांनी केस रंगवले होते का, याबाबत दोन रिवायती शेजारी शेजारी आढळतात. हजरत अनस (र.) म्हणतात की त्यांचे पांढरे केस इतके थोडे होते की रंगवण्याची गरजच पडली नाही. दुसरीकडे हजरत उम्मे सलमा (र.) यांनी जपून ठेवलेले केस पाहणाऱ्याने ते तांबूस होते असे सांगितले आहे. बुखारींनी दोन्ही नोंदी ठेवल्या, एकही गाळली नाही. मतभेद जपून ठेवण्याची ही रीत आपण अलीकडे विसरत चाललो आहोत.

काळ्या रंगाचा प्रश्नही असाच आहे. शाफई विद्वानांनी तो सामान्यपणे निषिद्ध मानला, हनफींपैकी बहुतेकांनी मकरूह मानला, तर काहींनी त्याला मुभा दिली. मुभा देणाऱ्यांचा एक आधार करबलाचा आहे. हिजरी सन 61 मध्ये (इ.स. 680) इमाम हुसैन (र.) यांचे शिर इब्ने जियादसमोर आणले गेले तेव्हा त्यांच्या केसांना 'वस्मा' लावलेला होता, असे बुखारीतच नमूद आहे. वस्मा म्हणजे निळीच्या जातीचा पाला. इतक्या दुःखाच्या प्रसंगाच्या वर्णनातही केसांच्या रंगाची नोंद राहिली आहे. तेव्हा खिजाब हा आपल्या इतिहासात वरवरचा विषय नाही.

हकिमांची दृष्टी

मेंदीचा वापर अर्थातच इस्लामपूर्व आहे. प्राचीन इजिप्तच्या ममींच्या केसांवर आणि नखांवर तिच्या खुणा मिळाल्या आहेत. मुस्लिम जगातील हकिमांनी वैद्यकाच्या ग्रंथांत केसांचा पद्धतशीर विचार केला. इब्ने सीना (980–1037) यांच्या 'अल्-कानून'च्या चौथ्या खंडात 'जीनत', म्हणजे शोभा, या विषयाचे वेगळे प्रकरण आहे. केस गळणे, पिकणे, रंगवणे, सरळ करणे आणि कुरळे करणे, या सर्वांची चर्चा त्यात येते. कुर्तुबाचे अबुल कासिम अल्-जहरावी (मृत्यू 1013) शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले जातात. त्यांच्या तीस भागांच्या 'अल्-तसरीफ'चा एकोणिसावा भाग सौंदर्यप्रसाधनांचा आहे.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, केसांचा रंग हा त्या काळी आरोग्याचा विषय होता. जो हकीम ताप पाहत असे, तोच खिजाबही सांगत असे. दुसरी, सरळ केसवाल्याला कुरळे हवेत आणि कुरळेवाल्याला सरळ, ही माणसाची हौस हजार वर्षांपूर्वीही होती. फारसी आणि उर्दू शायरीने तर जुल्फच्या वळणांवर दिवानच्या दिवान भरले. औरंगाबादेत जन्मलेला वली दखनी हा त्याच परंपरेतला. कवितेत ज्या वळणांवर आम्ही 'वाह वा' म्हणतो, ती घरातल्या मुलीच्या डोक्यावर असली की तिला 'झिपरी' म्हणतो, हा विरोधाभास मात्र आपलाच आहे.

निळीचा पाला आणि कोकणचे कुरळे केस

मेंदी आणि नीळ या जोडीतील नीळ हिंदुस्थानची. 'नील' हा संस्कृत शब्द अरबीत 'अन्-नील' झाला आणि अरबीतून पोर्तुगीजांच्या भाषेत 'अनील' झाला. अहमदाबादजवळच्या सरखेजची आणि आग्र्याजवळच्या बयान्याची नीळ जहाजांनी आणि तांड्यांनी पश्चिमेकडे जात असे. अरबी समुद्राच्या याच व्यापाराने कोकणात आपली वस्ती घडवली. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसऊदी चौलच्या परिसरात आला तेव्हा तेथे मोठी मुस्लिम वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

याच समुद्रावरून हबशीही आले. कुणी गुलाम म्हणून, कुणी शिपाई म्हणून, कुणी खलाशी म्हणून. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य तर 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. कोकणात कुणाचे केस बारीक कुरळे असले की 'हबश्यासारखे' म्हणून हिणवले जाते. असे हिणवताना आपण कुणाच्या नावाने हिणवतो आहोत, हे एकदा आठवून पाहावे. प्रत्येक कुरळा केस आफ्रिकेतून आला असे मुळीच नाही. सर्व जातीजमातींत कुरळे केस असतात. परंतु ज्यांचा तो वारसा आहे त्यांनी तो लपवावा, असे त्या इतिहासात काहीही नाही.

आमच्या लहानपणी घरात मेंदी लावणे हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. कुंपणाची मेंदी ओरबाडून सावलीत वाळवायची, पाट्यावर वाटायची, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. कुणी त्यात आवळा घाली, कुणी दही. सकाळी लेप लावून वर फडके बांधायचे आणि दुपारी धुवायचे. मग खोबरेल. नानी म्हणे, मेंदीच्या दिवशी तेल नाही लावले तर केस काथ्या होतात.

या रीतीत अनुभवाचे शास्त्र होते. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा तांबडा रंग असतो. पाणी आणि किंचित आंबटपणा मिळाला की तो सुटा होतो आणि केसातील केराटिन या प्रथिनाला चिकटतो. तो केसाचा मूळ रंग काढून टाकत नाही, त्याच्यावर चढतो. म्हणून मेंदीने काळा केस भुरा होत नाही आणि पांढरा केस काळा होत नाही, केशरी होतो. मेंदीचा रंग त्वचेवर थर धरत नाही, म्हणून वुजूलाही आड येत नाही. कढईचे लोखंड आणि चहा-आवळ्याचा तुरटपणा मिळून तो रंग थोडा काळपट होई, इतकेच. काळा हवा असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पाल्याची भुकटी कोमट पाण्यात कालवून लगेच लावावी लागते. आधी हिरवट दिसणारा रंग हवा लागून निळसर काळा होतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ या वेळेतच आहे.

डांबराचा काळा रंग

1856 मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थावर प्रयोग करताना योगायोगाने जांभळा रंग सापडला. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पर्किनचे गुरू हॉफमन यांनी 1863 मध्ये पॅराफेनिलिनडायअमिनची, म्हणजे पीपीडीची, माहिती प्रसिद्ध केली. 1883 मध्ये फ्रान्समध्ये ते केस रंगवण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले गेले. 1907 मध्ये पॅरिसमध्ये यूजीन शुएलर याने कृत्रिम केशरंग तयार करून नाभिकांना विकायला सुरुवात केली.

याच प्रवाहाने निळीचेही नशीब पालटले. बंगालच्या रयतेने 1859-60 मध्ये नीळकऱ्यांविरुद्ध बंड केले होते, इतकी ती शेती जुलमाची होती. 1897 मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीची शेती कोसळू लागली. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले तेव्हा त्या पिकाचा अंतकाळ जवळ आला होता. निळीच्या मळ्यांचा जुलूम गेला, हे चांगलेच झाले. पण पाला दुर्मिळ होत गेला तसतसे मेंदीच्या जोडीला काय घालायचे, ही जागाही रिकामी होत गेली. ती जागा पीपीडीने घेतली.

कृत्रिम रंग काम कसे करतो, हे कुरळ्या केसांच्या संदर्भात नीट समजून घेतले पाहिजे. केसाचा पृष्ठभाग कौलारू छपरासारखा असतो. बारीक पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. अमोनिया ही कौले उचलतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा नैसर्गिक रंग मोडतो आणि पीपीडीपासून आतल्या आत काळे कण तयार होतात. पेरॉक्साइड रंगाबरोबर केसाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही तोडतो. सरळ केस हे बऱ्यापैकी सोसतो. कुरळा केस मुळातच वाकड्या खळग्यातून उगवतो, त्याचा छेद चपटा लंबगोल असतो आणि प्रत्येक वळणावर त्याची कौले आधीच थोडी उचललेली असतात. टाळूचे नैसर्गिक तेलही वळणे ओलांडून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणजे जो केस आधीच तहानलेला, त्याच्यावरच हा घाव जास्त बसतो. फूफीचे केस वळणाच्या जागी का तुटले, याचे उत्तर येथे आहे.

नाव तेच, पदार्थ वेगळा

पीपीडीचा धोका कुणाला कळला नव्हता असे नाही. 1933 मध्ये अमेरिकेत पापण्या रंगवण्याच्या अशाच एका रंगाने स्त्रियांचे डोळे गेले. त्यातून 1938 चा सौंदर्यप्रसाधनांचा कायदा झाला. पण डांबरापासूनच्या केशरंगांना इशारा छापण्याच्या अटीवर सूट मिळाली. भारतातही पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक आहे. फूफीच्या पुडीवरही तो होता. डोळ्यांच्या डॉक्टरला वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

मुस्लिम देशांत मात्र या पदार्थाने एक वेगळाच वेश घेतला. सुदानमध्ये मेंदी लवकर आणि काळी चढावी म्हणून तिच्यात पीपीडीची भुकटी मिसळण्याची पद्धत पडली. घसा आणि चेहरा सुजून, मूत्रपिंडे बंद पडून दगावलेल्यांचे अहवाल 1980 च्या दशकात खार्टुमच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. मोरोक्कोची हकीकत आणखी बोलकी आहे. तेथे 'ताकाऊत' हे झाऊच्या झाडावरील गाठींचे नाव. बायका पिढ्यान्‌पिढ्या तिने केस काळे करीत. गाठी मिळेनाशा झाल्या तेव्हा बाजारात पीपीडीचे खडे आले आणि तेही ताकाऊत म्हणूनच विकले गेले. एक 'बलदी', म्हणजे गावठी. दुसरी 'रूमी', म्हणजे परदेशी. पाकिस्तानच्या दक्षिण पंजाबात हाच पदार्थ 'काला पत्थर' म्हणून मिळत असे आणि त्याने तेथे अनेक बळी घेतले.

खार्टुम असो, मोरोक्को असो की आमची फूफी, फसवणूक एकाच प्रकारची आहे. नावावर माणसाचा विश्वास आहे, कारण ते नाव आजीच्या तोंडून आणि हदीसच्या पानातून आले आहे. बाजाराने नाव ठेवले आणि आतला पदार्थ बदलला. मेंदीवर श्रद्धा ठेवणाऱ्या बाईने पुडीमागची अक्षरे वाचली नाहीत, कारण सुन्नतीच्या मागे विष असेल अशी शंका तिला येणारच कशी?

आणखी एका घटकाचाही विचार व्हायला हवा. आपल्याकडे हज्जामाचा व्यवसाय करणारे बांधव दिवसभर उघड्या हातांनी हे रंग कालवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नाभिक आणि केशरचनाकारांचा व्यवसाय 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे त्यात म्हटले आहे. साधे हातमोजे वापरले तरी या माणसांचा बराच बचाव होईल.

शहाणपण कुठले जपायचे?

जुने ते सगळे निर्दोष, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. निव्वळ मेंदीही वारंवार लावली तर कुरळे केस कोरडे होतात, वळणे सैल पडतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगाला मेंदी लावल्यास रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकते. म्हणून लहान बाळांना ती लावूच नये. कृत्रिम रंग लावणारा प्रत्येक जण आजारी पडतो असेही नाही. ज्याला तो लावायचा आहे त्याने कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी आणि एकदा जरी सूज आली तरी तो रंग पुन्हा कधीही लावू नये.

परंतु एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नुसती मेंदी कधीही काळी नसते. पाणी घालताच काळी पडणारी, अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पुडी ही मेंदी नव्हे, तिच्यावर काहीही लिहिलेले असो. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शुद्ध पाला आजही मिळतो. तो रात्रभर भिजवावा, तांबडा रंग नको असेल तर मागाहून नीळ लावावी, धुतल्यावर तेल द्यावे, ओल्या केसांत रुंद दातांची फणी टोकाकडून मुळाकडे न्यावी आणि रोज विंचरण्याचा हट्ट सोडावा. यातले बहुतेक सगळे आपल्या नान्यांना ठाऊक होते.

फूफी आता सत्तरीची झाली. तिने ते रंग सोडले. महिन्यातून एकदा ती अंगणातल्या मेंदीचा पाला वाटते. केस पूर्वीइतके दाट राहिले नाहीत, पण वळणे परत आली आहेत आणि त्यांवर हजरत उमर (र.) यांच्या दाढीसारखा तांबडा रंग असतो. मागच्या ईदला नातीने विचारले, "दादी, काळे का नाही करत?" फूफी हसली. म्हणाली, "अगं, एवढी वर्षं जगले, ती काय लपवायला?"